खळ्यातलं कमांड सेंटर: चार्टपेपर, फासा आणि घड्याळ घेऊन हवाई संरक्षण समजून कसं घ्यायचं

मे 2025 मधे ऑपरेशन सिंदूर चालू होतं तेव्हा आमच्याकडे देवगडला मुंबईची पोरं सुट्टीला आलेली. टीव्हीवर दिवसभर एस-400, आकाश, ड्रोन, आकाशतीर हेच चाललेलं आणि भाची मला विचारते, मामा आकाशतीर किती लांब जातं? म्हटलं गो बाय ते मिसाईल नाहीच, ते उडतच नाही. मग ते करतं काय? आणि हे मला काही केल्या चार वाक्यांत सांगता येईना. म्हणून दुसऱ्या दिवशी खळ्यात चटई टाकून चार्टपेपर पसरला आणि पोरांनाच कंट्रोल रूम बनवलं. तेव्हापासून हा खेळ बऱ्याचदा खेळलोय, गणपतीत चाकरमानी आले की मोठी माणसंसुद्धा भजन संपल्यावर बसतात. नियम हळूहळू घासून नीट झालेत म्हणून आता लिहून ठेवतोय, तुमच्याकडे नऊ-दहा जण आणि दोन तास असतील तर नक्की करून बघा.

आधी थोडक्यात, आपण नक्की कशाची नक्कल करतोय. रडार बघतं, मिसाईल मारतं, पण मधे कोणीतरी ठरवायला लागतं ना की जे दिसलं ते काय आहे, कोणाचं आहे, त्याला मारायचं का, आणि मारायचं तर कुठल्या बॅटरीने, म्हणजे मिसाईल सोडणाऱ्या कुठल्या तुकडीने. ह्या मधल्या सगळ्या कामाला कमांड अँड कंट्रोल म्हणतात. आपल्या हवाई दलाकडे त्यासाठी आयएसीसीएस आहे आणि लष्कराकडे आकाशतीर, दोन्ही भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेली, आणि दोन्हीचं मुख्य काम हेच की वेगवेगळ्या रडारांची माहिती गोळा करून सगळ्यांना एकच चित्र दाखवायचं. आकाशतीरचं कंत्राट मार्च 2023 मधे झालं, 1,982 कोटींचं. ते पैसे एकाही नवीन मिसाईलसाठी नव्हते, मिसाईल आणि तोफा कधी आणि कोणावर सोडायच्या ते नीट कळावं ह्यासाठी होते. हे एवढं पोरांच्या डोक्यात बसलं ना तरी अर्धं काम झालं.

सामान काही फार लागत नाही. मोठे चार्टपेपर दोन, पट्टी, पेन्सिल, कॅरमच्या सोंगट्या, एक फासा, काडेपेटी, लाल पिवळे निळे कागदाचे तुकडे, चिठ्ठ्यांसाठी जुन्या वह्यांची कोरी पानं, सेकंदकाटा असलेलं भिंतीवरचं घड्याळ आणि एक जुनी चादर.

चार्टपेपर उभा धरा आणि किनारा काढा, स्केल 1 सेंटीमीटरला 2 किलोमीटर. वर रत्नागिरी, खाली वेंगुर्ला, हे अंतर सरळ रेषेत साधारण सव्वाशे किलोमीटर भरतं म्हणजे कागदावर जेमतेम मावतं, मधे देवगड, त्याच्या खाली मालवण. उजवीकडे जमिनीला 12 सेंटीमीटर ठेवा, बाकी सगळा समुद्र. मग अडीच सेंटीमीटरचे चौकोन पाडा, म्हणजे एक चौकोन 5 किलोमीटरचा. उभ्या रकान्यांना क ख ग, आडव्या ओळींना 1 2 3. असेच दोन कागद करायचे, एक चादरीमागे गुपचूप आणि एक कंट्रोलच्या टेबलावर. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो, रडार आणि बॅटऱ्या स्वतःच्या मनाने ठेवा, खऱ्या कुठे आहेत ते शोधत बसू नका आणि कोणाला माहीत असलं तरी कागदावर मांडू नका, फोटो टाकू नका. खेळाला त्याची काही गरजच नाही.

माणसं अशी वाटा: चादरीमागे एकजण (शक्य असेल तर दोन, कारण तिथे धावपळ फार होते), तीन रडारवाले, एक फिल्टरवाला, एक टेबलावर सोंगट्या सरकवणारा, एक ओळख पटवणारा, एक कमांडर, दोन बॅटरीवाले. माणसं कमी असतील तर रडार दोन करा पण एक करू नका, एक रडार असेल तर ह्या खेळात शिकण्यासारखं फार उरत नाही. चादरीमागचा माणूस दर 20 सेकंदांनी ‘सरक’ म्हणून हाक देतो आणि त्याच्या कागदावरची विमानं सरकवतो. क्रूझ मिसाईल ताशी 900 किलोमीटर धरलं तर 20 सेकंदांत बरोबर 5 किलोमीटर जातं, म्हणजे दर हाकेला एक चौकोन. प्रवासी विमान पण दर हाकेला एक चौकोन, फक्त दर आठव्या हाकेला थांबतं. हे मी मुद्दाम तसं केलेलं नाही, दोघांचा वेग खरंच इतका जवळ आहे, त्यामुळे नुसता वेग बघून ते काय आहे हे कळत नाही आणि पोरं पहिल्या फटक्यात इथेच फसतात. लांब पल्ल्याचं पंखावालं ड्रोन ताशी 180 च्या आसपास, ते पाच हाकांना एक चौकोन. हेलिकॉप्टर चार हाकांना एक. ड्रोन आणि हेलिकॉप्टर पण बघा, तीच गत.

पहिल्यांदा खेळताना हाक 20 ऐवजी मिनिटाला द्या, नाहीतर सगळे गडबडून जातात. हात बसला की मग खऱ्या वेळेवर या.

आता रडारला किती लांबचं दिसतं हा भाग, आणि ह्यावर घाई करू नका कारण सगळा खेळ ह्याच्यावर उभा आहे. आपल्याकडे मच्छीमाराला हे शिकवावं लागत नाही. पहाटे होडी परत येते तेव्हा आधी सड्याचा (म्हणजे वरच्या कातळाच्या पठाराचा) माथा दिसतो, मग माडांचे शेंडे आणि मग सगळ्यात शेवटी पुळण, कारण पृथ्वी गोल आहे आणि खालचं सगळं तिच्या पोटाआड असतं. रडारचंही तसंच. हिशेब सोपा आहे, रडारच्या उंचीचं वर्गमूळ आणि समोरच्याच्या उंचीचं वर्गमूळ, दोन्ही मीटरमधे, त्यांची बेरीज करून 4.12 ने गुणा की किलोमीटर मिळतात. किनाऱ्यालगत 25 मीटरच्या मनोऱ्यावर रडार आहे आणि मिसाईल पाण्यावरून 10 मीटरवर येतंय, तर 5 अधिक 3.16, गुणिले 4.12, म्हणजे जेमतेम 34 किलोमीटर. तेच रडार सड्यावर 100 मीटर उंचीला नेलं की 54 किलोमीटर. आणि 10 किलोमीटर उंचीवरचं प्रवासी विमान त्या मनोऱ्यावरच्या रडारलाही 430 किलोमीटरपर्यंत दिसू शकतं, म्हणजे आपल्या कागदाच्या कितीतरी बाहेर.

म्हणून प्रत्येक रडारभोवती पेन्सिलने एक वर्तुळ काढा, मनोरा असेल तर 17 सेंटीमीटर, सडा असेल तर 27. खालून येणारं काहीही ह्या वर्तुळाच्या आत आलं तरच चादरीमागून त्या रडारवाल्याला सांगायचं, उंचावरचं असेल तर सगळ्यांना सगळीकडे. मग घड्याळ बघा. 34 किलोमीटर म्हणजे क्रूझ मिसाईलला सव्वादोन मिनिटं. सड्यावरून साडेतीन मिनिटं. कातळावर नुसतं वर चढल्याने पाऊण मिनिट नाही तर चांगलं सव्वा मिनिट जास्त मिळालं, आणि ह्या सगळ्यात सव्वा मिनिट ही फार मोठी इस्टेट आहे. विमानावर रडार लावून वर पाठवतात ते ह्याचसाठी, आपलं डीआरडीओचं नेत्र किंवा इल्युशिन-76 वरचं फाल्कन, 9 किलोमीटर उंचीवरून तेच 10 मीटरवरचं मिसाईल क्षितिजाच्या हिशेबाने 400 किलोमीटरवरून नजरेच्या टप्प्यात येतं.

पहिला डाव मुद्दाम फिल्टरशिवाय खेळा. चादरीमागून एक क्रूझ, एक ड्रोन, एक प्रवासी विमान सोडा. प्रत्येक माहिती रडारवाल्याला द्यायच्या आधी फासा टाका, 1 किंवा 2 पडलं तर एक चौकोन वर सांगायचं, 5 किंवा 6 पडलं तर एक चौकोन खाली, 3-4 ला बरोबर. खऱ्या रडारच्या मोजमापातही चूक असतेच, विशेषतः दिशेत. आणि मग रडारवाल्यांना सरळ बॅटरीला ओरडून सांगू द्या. आमच्या खळ्यात पहिल्या डावात तीन विमानांची सात झाली होती, दोन्ही बॅटऱ्या एकाच ड्रोनवर सगळ्या काड्या (एक काडी म्हणजे एक मिसाईल) जाळून मोकळ्या, आणि क्रूझ आरामात मालवणला पोचलं. कोणी चुकीचं काही सांगितलं नव्हतं, प्रत्येकजण आपल्याला दिसलं तेच सांगत होता. हा गोंधळ पोरांना पूर्ण भोगू द्या, मधे पडू नका.

दुसऱ्या डावात फिल्टरवाला बसवा. ही आयडिया 1930 च्या दशकाच्या शेवटची आहे, ब्रिटनच्या हवाई दलात लढाऊ विमानांच्या फायटर कमांडचे ह्यू डाउडिंग नावाचे प्रमुख होते, त्यांनी लंडनजवळ बेंटली प्रायरीला फिल्टर रूम केली. किनाऱ्यावरच्या चेन होम रडारांना अंतर बऱ्यापैकी कळायचं पण दिशा ढोबळ, मग सगळ्या रडारांचे फोन आधी ह्या एका खोलीत यायचे, तिथे कोणते दोन ठिपके खरं म्हणजे एकच आहेत ते ठरायचं, आणि नीट केलेलं चित्र तिथून एकाच वेळी खालच्या सगळ्या खोल्यांना जायचं. ती रडारं फक्त समुद्राकडे बघायची, जमिनीवर आल्यावर विमानं दुर्बीण घेतलेली ऑब्झर्व्हर कोअरची माणसं बघायची. 1940 मधे जर्मन विमानं जास्त असूनही ब्रिटिश टिकले त्यात ह्या खोलीचा वाटा स्पिटफायर ह्या लढाऊ विमानाइतकाच आहे असं माझं तरी ठाम मत आहे.

फिल्टरवाल्याचे नियम दोन. दोन रडारांचे ठिपके शेजारच्या चौकोनात आणि एकाच दिशेने जात असतील तर ते एकच समजायचं आणि मधली जागा घ्यायची. आणि एकाच चिठ्ठीवर नवीन ट्रॅक (म्हणजे नंबर दिलेली एका विमानाची नोंद) उघडायचा नाही, दुसरी चिठ्ठी येऊ दे. दुसऱ्या नियमाने एक हाक वाया जाते, पोरं कुरकुरतात, पण भुताटकीचे ट्रॅक बंद होतात. किती थांबायचं हे तुम्ही बदलून बघा, गंमत तिथेच आहे, जास्त थांबलात तर चित्र एकदम स्वच्छ होतं पण मिसाईल डोक्यावर आलेलं असतं.

चिठ्ठी कशी लिहायची ते पक्कं ठरवा: ट्रॅक नंबर, चौकोन, दिशा, उंची, वेळ. बस. ‘काहीतरी वेगाने येतंय’ असली चिठ्ठी फिल्टरवाल्याने परत पाठवायची.

टेबलावर सोंगटी ठेवताना तिच्याखाली रंगीत कागद ठेवायचा, आणि हा रंग घड्याळावरून. डाउडिंगच्या खोल्यांमधे भिंतीवर जे घड्याळ असायचं त्याच्या पाच-पाच मिनिटांच्या पाकळ्या लाल, पिवळ्या, निळ्या रंगवलेल्या, माहिती आली तेव्हा मिनिटकाटा ज्या रंगात असेल त्या रंगाची खूण टेबलावर. लांबून नजर टाकली तरी कुठली माहिती जुनी ते कळायचं. आपण पाचाऐवजी एकेक मिनिटाला रंग बदलायचा. मासळी ताजी की शिळी हे डोळा आणि कल्ला बघून समजतं, पण ट्रॅक शिळा झाला तरी टेबलावर तस्साच टवटवीत दिसतो, म्हणून रंग. दोन रंग जुनी झालेली सोंगटी उचलून टाका, कितीही वाईट वाटलं तरी.

घड्याळ सगळ्यांचं एकच हवं, प्रत्येकाने आपापला मोबाईल बघायचा नाही. 25 फेब्रुवारी 1991 ला सौदीत धाहरानला अमेरिकेची एक पेट्रियट बॅटरी, म्हणजे येणारं मिसाईल पाडणारी, सलग 100 तासांहून जास्त चालू होती, सेकंदाचा दहावा भाग त्या कॉम्प्युटरच्या आकड्यांत पूर्ण मावत नव्हता, ती बारीकशी चूक साठत साठत 0.34 सेकंद झाली. तेवढ्यात इराकचं स्कड मिसाईल अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. रडारने चुकीच्या जागी बघितलं, पेट्रियट सुटलंच नाही, 28 सैनिक गेले. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी पोचलं. हे सांगितल्यापासून आमच्याकडे वेळ लिहायला कोणी विसरत नाही.

तिसरा डाव ओळखीचा, आणि मला सगळ्यात महत्त्वाचा हाच वाटतो. आता चादरीमागून एक आपलंच हेलिकॉप्टर सोडा आणि एक प्रवासी विमान असं, की जे गोव्याच्या मोपा विमानतळावर उतरायला सिंधुदुर्गावरून खाली खाली येतंय. ओळख पटवणाऱ्याकडे तीन गोष्टी द्या: त्या दिवसाच्या विमानांची यादी, आपल्या विमानांचे ठरलेले रस्ते, आणि आयएफएफ. आयएफएफ म्हणजे आपण रेडिओवर कोडमधे प्रश्न टाकायचा आणि आपलं विमान असेल तर त्यातला ट्रान्सपॉन्डर आपोआप उत्तर देतो. खेळात त्याने चादरीमागे विचारायचं, ‘ट्रॅक 12, कोण?’ आणि तिथून उत्तर येईल किंवा येणार नाही. उत्तर आलं तर आपलं. नाही आलं तर शत्रूच, असं मात्र होत नाही, हे दहादा सांगा. यंत्र बंद असू शकतं, बिघडलेलं असू शकतं. मशीन बंद पडून खाडीच्या तोंडाशी वाहत आलेली अंधारातली होडी काही लगेच चोराची ठरत नाही.

27 फेब्रुवारी 2019 ला बडगामला आपल्याच मिसाईलने आपलं एमआय-17 हेलिकॉप्टर पडलं. हवाई दलाचे 6 जण आणि जमिनीवरचा 1 नागरिक गेला, आणि ही आपली मोठी चूक होती असं हवाई दलप्रमुखांनी नंतर उघड मान्य केलं. पोरांना हे सांगताना मी आवाज खाली आणतो आणि कोणावर बोट दाखवत नाही. त्या दिवशी आकाशात खरी लढाई चालू होती आणि ठरवायला थोडेच क्षण होते.

दुसरं उदाहरण 3 जुलै 1988 चं, इराण एअरचं 655 नंबरचं विमान, 290 माणसं, अमेरिकेच्या विन्सेन्स जहाजाने पाडलं, आणि त्या जहाजावर रडार आणि मिसाईलं एकत्र जोडणारी त्या काळची सगळ्यात भारी एजिस सिस्टिम होती. सिस्टिमच्या रेकॉर्डमधे विमान वर चढताना स्पष्ट दिसतंय, पण खोलीतली माणसं ते खाली आपल्यावर येतंय असं सांगत होती. त्या विमानाला दोन जहाजांनी दोन वेगळे ट्रॅक नंबर दिलेले, सिस्टिमने त्यातला एक ठेवला आणि सुटलेला नंबर लांबच्या दुसऱ्याच विमानाला गेला, घोटाळ्याचं एक कारण अभ्यासक हेच धरतात. म्हणून आपल्या खेळात एकदा वापरलेला ट्रॅक नंबर त्या डावात परत द्यायचा नाही, आणि कमांडरने विचारताना ‘12 चं काय?’ एवढंच नाही तर ‘12, च-9 मधलं, चढतंय की उतरतंय?’ असं पूर्ण विचारायचं.

कमांडरच्या हातात तीन पाट्या द्या. होल्ड, म्हणजे स्वतःवर हल्ला आला किंवा थेट हुकूम आला तरच मारायचं. टाइट, म्हणजे शत्रू अशी ओळख पटली तरच. फ्री, म्हणजे आपलं आहे असं पटलेलं नाही ते सगळं मारायचं. आमच्याकडे कमांडर झालेली पोरं सुरुवातीला सगळीच्या सगळी फ्रीची पाटी उचलतात, मग मोपाचं विमान पाडतात, मग पुढचा डाव होल्डवर ठेवतात आणि ड्रोन देवगडात येऊन पडतं. प्रवासी विमानं उडत असताना टाइट आणि आकाश मोकळं केलेलं असताना ठराविक पट्ट्यातच फ्री, हे त्यांचं त्यांना सापडायला साधारण चार डाव लागतात.

बॅटरीला प्रत्येकी सहा काड्या, एक काडी एक मिसाईल. एकाचा पल्ला 25 किलोमीटर, म्हणजे साडेबारा सेंटीमीटर, आकाशसारखा, दुसऱ्याचा 70, म्हणजे 35 सेंटीमीटर, एमआरसॅमसारखा. निकाल दोन हाकांनंतर, फाशावर 3 किंवा जास्त पडलं तर लागलं (हा आपला खेळाचा नियम, खरा आकडा नव्हे). आता पोरांनाच विचारा, 70 किलोमीटरच्या मिसाईलचा मनोऱ्यावरच्या रडारला काय उपयोग, त्याला तर खालचं 34 पर्यंतच दिसतंय? इथे जरा थांबा, कोणीतरी बोलतंच की मग दुसऱ्याच्या रडारचं बघून मारू. अगदी हेच आपल्या नौदलाने मे 2019 मधे पश्चिम किनाऱ्यावर करून दाखवलं, आयएनएस कोची आणि आयएनएस चेन्नई ह्या दोन जहाजांची मिसाईलं एकाच जहाजाने कंट्रोल केली आणि वेगवेगळी टार्गेटं गाठली. कोणती बॅटरी कोणावर, हे फक्त कमांडर सांगणार, आणि बॅटरीने ‘12 माझं’ असं परत म्हणून दाखवायचं. ड्रोनवर महागडी लांब पल्ल्याची काडी जाळली तर नंतर क्रूझला काय देणार, हा हिशेब पण त्याचाच. ऑगस्ट 2025 मधे डीआरडीओने ओडिशाच्या किनाऱ्यावर क्यूआरसॅम आणि व्हीशोराड्स ही जवळच्या पल्ल्याची मिसाईलं आणि लेझर अशी तीन हत्यारं एकाच कमांड सेंटरखाली ठेवून तीन टार्गेटं एकदम पाडली, ती चाचणी ह्याच वाटपाची होती.

बॅलिस्टिक मिसाईल, म्हणजे फेकलेल्या दगडासारखं उंच जाऊन खाली पडणारं, एकदाच दाखवा. सेकंदाला दीड किलोमीटर धरलं तरी एका हाकेत सहा चौकोन, समुद्राचा अख्खा कागद मिनिटात संपतो. पण ते पडणार कुठे हे त्याच्या वाटेवरून आधीच काढता येतं, आणि तिथे काही नसेल, नुसता समुद्र किंवा उघडा सडा, तर काडी वाचवायची. एवढं गणित माणसाच्या हाताने होत नाही, तिथे मशीनच लागतं, हे त्यांना पुरतं दिसतं.

शेवटचा डाव लाइन तोडून. खेळ रंगात आला की चादरीमागच्याने गुपचूप येऊन फिल्टरवाल्याला उचलून न्यायचं. कोकणात पावसाळ्यात लाइट आणि रेंज दोन्ही जातात तेव्हा प्रत्येक घरात ठरलेलं असतं की कंदील कुठे आणि कोण कुणाला बघायला जाणार, तसं इथेही आधीच ठरवलेलं हवं: वरून आवाज बंद झाला तर बॅटरीने किती वेळ थांबायचं, कुठल्या पाटीवर जायचं, शेजारच्या बॅटरीशी कोण बोलणार. आधी न ठरवता खेळा, मग ठरवून खेळा. न ठरवलेल्या डावात आमची एक बॅटरी शेवटपर्यंत हुकमाची वाट बघत बसली होती आणि पोरगा नंतर रडवेला झाला, त्याची चूक नव्हती, त्याला कोणी सांगूनच ठेवलं नव्हतं.

प्रत्येक डावानंतर सगळ्या चिठ्ठ्या वेळेप्रमाणे जमिनीवर एका ओळीत लावा, पहिल्या दर्शनापासून काडी सुटेपर्यंत, आणि दोन चिठ्ठ्यांमधले सेकंद मधल्या फटीत खडूने लिहा. मग चहा घेत ती ओळ सगळ्यांनी चालत जाऊन वाचायची. आमच्याकडे सगळ्यात मोठी फट दर वेळी एकाच ठिकाणी निघते, ओळख पटवणारा आणि कमांडर ह्यांच्या मधे. गेल्या गणपतीत ती 50 सेकंदांवरून 20 वर आली, त्यासाठी फक्त त्या दोघांना शेजारी शेजारी बसवलं होतं.